कललेल्या निलगिरीची उंची

शाळेतली पोरं मला माघारी ‘काटकोन’ म्हणतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. कंपासपेटी विसरून आलेल्याला मी सोडत नाही आणि फळ्यावरची रेघ वाकडी आली तर पुसून पुन्हा काढते, म्हणून. राग माझ्या नाकावर असतो, हेही खरं. मालक म्हणतात, तू दूध तापत ठेवलंस तरी त्याला आधी दम देतेस. तर अशा बाईला कुणी झाडाची उंची मोजून द्या म्हटलं, तर ती नाही कशाला म्हणेल?

झाड म्हणजे आमच्या बांधावरची निलगिरी. तिसगावपासून थोडं आत, ओढ्याच्या काठाला आमची वस्ती आहे. ओढ्याच्या अलीकडे आमचं रान आणि घर, पलीकडे पूर्वेला आत्याचं घर. आत्या नात्याची कुणी नव्हे. मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची शेजारीण, सासूच्या वयाची, म्हणून आत्या. नवरा गेलेला, मुलगा आणि सून दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि ही मागं घर राखते. दगडाच्या भिंती आणि वर पत्रा, एवढं ते घर त्या दोघांच्या कोयत्यावर उभं राहिलंय. गेल्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, पुरानं काठ खाल्ला, निलगिरीच्या मुळ्या उघड्या पडल्या आणि झाड ओढ्यावरून आत्याच्या घराकडे झुकलं. हिवाळाभर तसंच राहिलं. उन्हाळ्यात वळवाचं वारं सुटायला लागलं, तशी आम्हा दोन्ही घरांची झोप उडाली.

पाडायचं तर ठरलंच होतं. पण बुंधा आतून पोकळ, त्यामुळे वर चढून शेंड्याकडून उतरवायला कुणी तयार होईना. करवतीचं मशीन घेऊन आलेला माणूस बुंध्यावर थाप मारून परत गेला. आधी जेसीबीनं तुमच्या रानाच्या बाजूला ओढून धरा, मग कापतो, नाहीतर सरळ घरावर जाईल, म्हणाला. जेसीबी मिळायला दोन-तीन दिवस होते. आणि नेमकी त्याच वेळी आत्याची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सरकारी दवाखान्यातून बाळ घेऊन घरी आली. तिची खोली पश्चिमेची. म्हणजे झाडाच्या तोंडाशीच.

मी म्हटलं, दोघींना आमच्याकडे आणा. आत्या ऐकेना. पाचवी झाल्याशिवाय बाळ उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, ही तिच्या घरची रीत. पाचव्या दिवशी सटवाई येते, बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, तेव्हा बाळ तिला आपल्या घरात सापडायला हवं. शिवाय ओली बाळंतीण दुसऱ्याच्या घरात सोयर घेऊन कशी शिरणार, हा संकोच वेगळा. मुलगा आणि सून कर्जतकडे सुनेच्या माहेरी लग्नाला गेलेले, त्यामुळे ठरवणारी ती एकटीच. आम्ही दोघी दोन दिवस वाद घालत होतो. शेवटी तिनं सगळं माझ्यावरच टाकलं.

“तू मास्तरीन हायेस. मोजून सांग. पोचत आसंल तर हालवते. न्हाई पोचत, तर माज्या बाळंतिनीला हात लावायचा न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजायला उभी राहिले. रीत साधी आहे, दहावीच्या पोराला यावी अशी. पाच फुटांची काठी सपाट जागेत सरळ रोवायची. तिची सावली पाच फूट भरली की त्या घटकेला झाडाची सावलीही झाडाच्या उंचीइतकीच असते. शेंड्याची सावली टेकेल तिथं खूण करायची आणि बुंध्यापासून टेप ओढायचा. ही वेळ दिवसातून दोनदा येते, सकाळी आणि दुपार कलल्यावर. दुपारनंतर निलगिरीची सावली ओढ्यात उतरून आत्याच्या पत्र्यावर चढते, ती कोण मोजणार? आणि मे महिन्यात आमच्याकडे मापाचं काम सगळे सकाळीच उरकतात, मग बांध मोजायचा असो की ठिबकच्या नळ्या अंथरायच्या असोत. सकाळची सावली आमच्या सपाट रानात पडते. मालकांनी टेपचं टोक बुंध्याला धरलं, मी शेंड्याच्या सावलीवर ढेकूळ ठेवलं. बावन्न फूट भरले. मग बुंध्यापासून ओढ्यावरून आत्याच्या भिंतीपर्यंत टेप ताणला. साठ.

म्हणजे झाड आडवं झालं तरी भिंतीच्या आठ फूट अलीकडेच राहणार. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला बळंच दोनदा चहा पाजला. मालकांनी विचारलं, नक्की ना? मी त्यांच्यावरच उखडले. म्हटलं, हे गणित आहे, तुमचा अंदाज नव्हे. रात्री वारं सुटलं, आत्याचे पत्रे वाजलेले आमच्या घरापर्यंत ऐकू आले. मी कूस बदलली आणि निवांत झोपले.

पाचवीचा दिवस उजाडला. बारा वाजून गेल्यावर मी डाळिंबाच्या ठिबकचा व्हॉल्व्ह बंद करायला रानात गेले. मेच्या मध्याला आमच्या भागात असा एखादा दिवस येतो की भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूला सावलीच उरत नाही. तो दिवस तसाच होता. विजेच्या खांबाला सावली नव्हती, माझी सावली माझ्या चपलांखाली गेली होती. वर्गात हे मी दरवर्षी तोंड भरून सांगते, म्हणून गंमत वाटून इकडे तिकडे बघत होते. बघता बघता नजर निलगिरीकडे गेली. तिला सावली होती. बुंध्यापासून निघून ओढ्यात उतरलेली, आत्याच्या घराच्या दिशेनं.

आधी काही उमजलं नाही. मग मान वर करून शेंडा बघितला.

सूर्य डोक्यावर असताना शेंड्याची सावली शेंड्याच्या बरोबर खाली पडते. झाड सरळ असतं तर ती बुंध्यातच पडली असती. पण शेंडा बुंध्याच्या वर नव्हताच, तो पूर्वेला, ओढ्यावर लटकलेला होता. काल सकाळी सावली पडली पश्चिमेला, आमच्या रानात, आणि मी ती बुंध्यापासून मोजली. मोजायला हवी होती ती शेंड्याखालच्या जागेपासून. झाड जितकं पलीकडे झुकलं होतं तितकी सावली अलीकडे कमी भरली होती. झाड झुकलंय हे वस्तीतल्या शेंबड्या पोराला दिसत होतं, त्याच कारणानं तर हा सगळा खटाटोप, आणि मोजताना तेवढंच मी सोडून दिलं होतं.

धावत जाऊन टेप आणला. टोक बुंध्याला अडकवून ओढ्यात उतरले आणि शेंड्याच्या सावलीच्या वर टेप आडवा ताणला. अठरा फूट. बावन्न आणि अठरा, सत्तर. शिवाय झुकलेलं झाड पडतं ते आपल्या लांबीनं पडतं, ती उंचीपेक्षा आणखी दोनेक फूट जास्त. आठ फूट मोकळे कुठले, झाड घरात दहा-बारा फूट शिरत होतं. ती खोलीच मुळी बारा फुटांची. मला स्वतःचा असा संताप आला की टेप वाळूत भिरकावला, आणि मग स्वतःच वाकून तो उचलावा लागला.

आत्या पाचवीच्या दिव्यांसाठी कणीक मळत बसली होती. मी दारातूनच सांगायला लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात काही थांबवले नाहीत.

“काल बावन्न, आज सत्तर. एका रातीत आठरा फूट वाडलं का काय झाड?”

मी उलथणं तिरपं धरून दाखवलं, लाटणं धरून दाखवलं. माझा आवाज चढत गेला, तसा तिचा चेहरा घट्ट होत गेला. तिचं म्हणणं एवढंच, की काल तू शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलंस म्हणून मी देवाला नारळ ठेवला, आता पाचवीच्या दिवशी भरल्या घरातून बाळंतीण काढू? आणि बोलता बोलता ती म्हणाली, सावलीनं कुणी मेलंय का आजवर? मी तिला म्हटलं, दुपार कलली की पुन्हा ती वेळ येईल. तेव्हा शेंड्याची सावली तुमचं अख्खं घर ओलांडून पुढच्या अंगणात येईल, बावन्नावर थांबणार नाही. ते डोळ्यांनी बघितलं तरी पटेल ना? आत्या म्हणाली, तवाचं तवा बघू.

मी तिच्या अंगणात काठी रोवली, जमिनीवर पाच फुटांची रेघ ओढली आणि तिथंच बसून राहिले. मालक जेसीबीवाल्याच्या मागं लागायला पाथर्डीला गेलेले, त्यांचा फोन लागत नव्हता. माझ्या मोबाईलवर मात्र वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचे संदेश एकामागून एक येत होते. काठीची सावली तीन फूट झाली. आतून बाळ कुरकुरलं, गप्प झालं. सावली साडेतीन फुटांच्या पुढे गेली. निलगिरीच्या शेंड्याची सावली पत्र्यावर चढून पन्हळीच्या दिशेनं सरकताना मला दिसत होती, अजून थोडा वेळ मिळाला असता तर ती आत्याच्या पायाशी आली असती. मी वर बघितलं आणि जीव टांगणीला लागला. पश्चिमेकडून काळंभोर आभाळ चढत होतं.

सावली चार फुटांवर होती आणि सूर्य गेला. काठीची सावली गेली, झाडाची गेली, अंगण एकदम सपाट दिसायला लागलं.

“बघ,” आत्या दारात येऊन म्हणाली, “तुजी सावलीबी गेली.”

तिला मला हिणवायचं नव्हतं. तिची सुटका झाली होती, एवढंच. आणि तेवढ्यात वाऱ्याचा पहिला झोत आला, अंगणातला पाचटाचा ढीग उडाला.

मी पळाले. ओढा ओलांडून आमच्या बांधावर गेले. तिथं ठिबकच्या काळ्या नळीचं वेटोळं पडलं होतं. टेप लावून सत्तर फूट मोजले, विळ्यानं नळी कापली, एक टोक बुंध्याच्या तळाशी बांधलं आणि दुसरं ओढत पुन्हा ओढ्यात उतरले. डोळ्यांत धूळ जात होती. डोक्यावर झाड करकरत होतं, आणि मी नेमकी त्याच्याखालून चालले होते, हे मला नंतर सुचलं. आत्याच्या पश्चिमेच्या भिंतीला लहानशी खिडकी आहे. मी नळी त्या खिडकीतून आत लोटली, जेवढी जाईल तेवढी, ताणली जाईपर्यंत, आणि वळसा घालून दारातून खोलीत शिरले.

नळीचं टोक खाटेवर पडलं होतं, उशीला लागून. बाळंतीण भिंतीला सरकून बसली होती, बाळ मांडीवर. ही मुलगी माझ्याच वर्गातली, भूमितीत काठावर पास झालेली. प्रमेय विचारलं की रडायची. तिनं त्या नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बाई, हा शेंडा?”

“हो. हा शेंडा.”

तिनं नळीचं टोक बाजूला सारलं. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, कानाला बांधलेला फडका सारखा केला आणि उठली. आत्या दार अडवून उभी होती. लेक म्हणाली, “आई, मी चालले.” इतकंच, आणि आईच्या बाजूनं निघून बाहेर पडली. मी तिला धरून ओढ्याच्या खालच्या बाजूच्या वाटेनं, झाडापासून लांबून, पलीकडे नेलं. मागून आत्या येत होती. डोक्यावर अंथरुणाचं गाठोडं, आणि तोंडानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार.

आम्ही घरात पाऊल टाकलं आणि गारा सुरू झाल्या. खिडकीतून निलगिरी दिसत होती. वारा तिला पार ओढ्यावर दाबायचा आणि सोडायचा. प्रत्येक वेळी मला वाटायचं, गेली. आत्या त्या खिडकीकडे पाठ करून बसली होती. मालक तेवढ्यात भिजून चिंब होऊन आले, जेसीबी उद्या सकाळी येतोय म्हणाले. बराच वेळ पाऊस कोसळला. मग वारा पडला, पाऊस थांबला आणि पश्चिमेला स्वच्छ पिवळं ऊन आलं. झाड तसंच उभं होतं, जरा ठिबकत होतं.

आत्या उठली.

“पडलं का? न्हाई पडलं. तुज्या आकड्यापायी माजी वली बाळंतीन वाऱ्यात फिरवली मी. आता पाचवी माज्या घरात हुनार.”

लेकीचा चेहरा थकून गेला होता. ती बाळाचं दुपटं सारखं करायला लागली, आणि मला कळलं की आता ही आईबरोबर जाईल. मी दारात जाऊन उभी राहिले. आडदांडासारखी दोन्ही हात चौकटीला लावून. म्हटलं, “आत्या, उद्या झाड उतरेपर्यंत हिला मी इथून हलू देणार नाही. मग जन्मभर माझ्याशी बोलू नका.”

“न्हाईच बोलनार,” ती म्हणाली.

माझ्या हाताखालून वाकून ती एकटीच बाहेर पडली. पूजेचा पाटा-वरवंटा आणते म्हणाली, तोंड माझ्याकडे न करता. आमच्या घरातही पाटा आहे, पण तो ती कशाला घेईल? मला असा राग आला होता की क्षणभर वाटलं, जाऊ दे हिला. पुढच्याच क्षणी चप्पल न घालता मी तिच्या मागं धावले. ओढ्याला गढूळ पाणी आलं होतं, गुडघ्याला लागेल एवढं. आत्या काठावर लुगडं वर खोचत उभी होती. मी तिचं मनगट धरलं. तिनं हिसडा दिला. मी सोडलं नाही. दोघी पोक्त बायका चिखलात झोंबत होतो, दुसरं काय म्हणायचं याला.

वारा अजिबात नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं. वरच्या बाजूला, आमच्या बांधावर, जमिनीतून कापड फाटावं तसा आवाज आला. आम्ही दोघींनी मान वळवली. निलगिरी आधी सावकाश निघाली, इतकी सावकाश की मला वाटलं माझे डोळे फिरताहेत. मग मुळ्यांसकट भिजलेला काठ सुटला आणि झाड ओढ्यावरून आडवं गेलं. पत्र्यांचा आवाज वस्तीच्या टोकापर्यंत गेला असणार. आत्या होती तिथंच खाली बसली. तिचं मनगट माझ्या हातातच होतं.

मालक आणि मी पाणी तुडवून पलीकडे गेलो. पश्चिमेची भिंत वरून ढासळली होती, पत्रे दुमडून आत गेले होते. खोलीत सर्दीला लावतात त्या बामासारखा निलगिरीचा दर्प भरला होता. शेंडा खाट ओलांडून पलीकडच्या भिंतीला टेकला होता, आणि उशी पानांखाली गेली होती. मालकांनी भिंतीला हात टेकला आणि तोंड फिरवलं. मी काहीच मोजलं नाही.

परत आले तेव्हा आत्या आमच्या पायरीवर बसली होती. तिनं एकच विचारलं, “खाटंपतुर?”

“हो,” मी म्हटलं.

दिवेलागणीला पाचवी आमच्या घरात झाली, आमच्या पाट्यावर. सोयर-सुतकाचा शब्द कुणी काढला नाही. आत्यानं कणकेचे दिवे लावले, पाट्यावर वरवंटा ठेवला, हळदकुंकू वाहिलं. आवाज बसला होता, पण हे इथं ठेव, ते तिथं ठेव, असं माझ्याच घरात मला सांगत होती आणि मी ऐकत होते. सटवाईला लिहायला कोरा कागद आणि पेन लागतं. माझ्या पर्समधलं पेन काढून मी आत्याला दिलं. तिनं ते घेतलं नाही.

“तुज्या हातानं ठेव,” ती म्हणाली.

मी वाकले. पेन कागदावर टेकलं आणि निसटलं, एक वाकडी रेघ उमटली. मी कागद उचलायला गेले, म्हटलं, दुसरा आणते, कोराच हवा. आत्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

“राहू दे,” ती म्हणाली. “तेवढी तुजी.”